चारची खंडवा गाडी

व्हिडिओ गेम लोकांना लाइव्ह दाखवायचा असेल तर सतत बोलत राहा, असा सल्ला सगळेच देतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला धरून ठेवा. चेहरा दाखवा. आवाजात जोश हवा. काहीच सुचलं नाही तर स्क्रीनवर जे दिसतं तेच बोलून दाखवा, पण गप्प बसू नका. गप्प बसलात की माणसं निघून जातात. लाइव्ह जायचं ते रात्री, तेव्हाच गर्दी असते. हे सगळं मी साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर शिकलो, बायको वारली त्यानंतरच्या महिन्यात. यातला एकही सल्ला न मानता मी रोज दुपारी चार वाजता लाइव्ह जातो.

चॅनल माझं नाही, तिचं. विम्याच्या कचेरीतून ती निवृत्त झाली, पाठोपाठ दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि स्कूटर सुटली. भंवरकुआंजवळच्या आमच्या गल्लीत चारी बाजूंनी मुलांची होस्टेलं आणि कोचिंगच्या पाट्या. पायी चालायचं म्हटलं तरी कुणाच्या तरी मोटरसायकलखाली जायची भीती. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर, टेबलाला घट्ट बसवायचं स्टिअरिंग आणि पायातली पेडलं आमच्याकडेच राहिली. त्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक खेळ होता. खेळातले मूळचे रस्ते परदेशातले, पण हौशी लोक आपापल्या मुलखाचे रस्ते तयार करून त्यात घालतात. कुणीतरी इंदूर-खंडवा रस्ता केला होता. नवलखा, भंवरकुआं, तेजाजी नगर, सिमरोल, मग भेरू घाट, बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल, सनावद, खंडवा.

ती सनावदची. कॉलेजसाठी इंदूरला राहायची आणि सुट्टी लागली की याच रस्त्यानं घरी जायची, ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या तापलेल्या बॉनेटवर बसून. तिथं बसलं की घाट सगळा समोर दिसतो, असं ती सांगायची. शिवाय ड्रायव्हरचं कुठं चुकतंय तेही दिसतं. तेव्हापासून तिला वाटायचं की ही गाडी आपण याच्यापेक्षा बरी चालवली असती.

मुलीनं तिला लाइव्ह जायचं कसं ते एकदा शिकवलं. पुढचं सगळं तिनं आपल्या डोक्यानं केलं. कॅमेरा लावला नाही. रात्रीची वेळ घेतली नाही. चारची खंडवा गाडी म्हणजे चारची. बघायला येणाऱ्यानं चॅटमध्ये आपण कुठं उतरणार ते लिहायचं, हाच तिकिटाचा नियम. जो लिहिणार नाही तो थेट खंडव्याला.

"चलो भिया, सिमरोल! सिमरोलवाले पुढे या. सामान राहिलं तर मी जबाबदार नाही हं."

हे ऐकायला साठ-सत्तर माणसं रोज यायची. काही इंदूरची, बरीच बाहेर गेलेली. नाशिकला राहणाऱ्या एक बाई रोज न चुकता बडवाहला उतरायच्या. माहेर तिथलं, आता तिथं त्यांचं कुणी उरलेलं नाही. उतरताना प्रत्येकानं "येतो काकू" किंवा "येते हं" लिहायची रीत पडली होती. जातो म्हणायचं नाही, हे आपल्याकडं लहानपणीच शिकवतात. पण तिच्या गाडीत हिंदी बोलणारी मुलंसुद्धा देवनागरीत "येतो काकू" लिहायला शिकली होती. मी मागच्या आरामखुर्चीत वाचत बसलेला असे. चार वाजायच्या आधी चहा करून तिच्या उजव्या हाताशी ठेवणं हे माझं काम.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी गाडी भेरू घाटात होती. एका वळणाच्या आधी तिनं बस कडेला घेतली.

"दोन मिनिटं थांबू भिया. इंजिन गरम झालंय."

त्या खेळात इंजिन गरम होत नाही. मी पुस्तकातून वर पाहिलं तेव्हा ती छातीवर हात दाबून बसली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी केलेली हाकाहाक, शेजाऱ्यांची धावपळ, अँब्युलन्सच्या माणसांचं "साइड दीजिए, साइड" हे सगळं टेबलावरच्या माइकवरून बाहेर गेलं. पुण्याहून मुलीनं आपल्या फोनवरून ते बंद केलं, पण तोवर तिच्या पॅसेंजरांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

तेरावा झाल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. खेळ जिथं थांबला होता तिथंच उघडला. बस घाटात, कडेला, इंजिन बंद. आत सीटवर खेळातली माणसं ताठ बसलेली. त्या दिवसाच्या चॅटमध्ये लोकांनी लिहिलेली ठिकाणंही तशीच होती: बलवाडा, बडवाह, बडवाह, सनावद, खंडवा. सिमरोलवाले तेवढे उतरले होते. बाकीच्यांना तिनं दोन मिनिटं सांगून थांबवलं होतं.

मला ती गाडी खंडव्याला पोचवायची होती. चॅनल वाढवायचं नव्हतं, मन रमवायचं नव्हतं. तिनं शब्द देऊन थांबवलेली माणसं घाटात बसून होती आणि ती त्यांच्या ठिकाणी पोचायला हवी होती.

मुलीला फोनवर हे सांगितलं. तिला आईची आठवण माझ्याहून कमी येत होती असं नाही, पण ती याच कामातली आहे, कंपन्यांच्या जाहिराती लोकांपर्यंत पोचवण्याच्या.

"बाबा, करायचं तर नीट करू या ना," ती म्हणाली. "आईचा फोटो, खाली सॉफ्ट म्युझिक, तू दोन शब्द बोल, आणि मग चॅनल बंद. एक प्रॉपर क्लोजर."

"बंद करायचं नाहीये. गाडी न्यायचीय."

"मग बोलावं लागेल. तू वर्गातही हळूच बोलायचास. लोक थांबत नाहीत रे. कॅमेरा लाव, चेहऱ्यावर उजेड येऊ दे, प्रत्येक कमेंट मोठ्यानं वाच, लोकांना प्रश्न विचार."

"काय प्रश्न विचारू?"

"काहीही. आज काय जेवलात, विचार."

दुखवट्याच्या घरात बसून मी अनोळखी माणसांना आज काय जेवलात म्हणून विचारणार नव्हतो. इतिहास शिकवताना मी जन्मभर हळूच बोललो आणि ज्यांना ऐकायचं होतं ती मुलं पुढच्या बाकांवर येऊन बसली. मी तिला सांगितलं की फोटो नको, संगीत नको, कॅमेरा नको, आणि मी बोलणारही नाही. ती म्हणाली, "मग लाइव्ह कशाला जातोस?"  उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचलं. ताई राहायला आली होती ती तरी मला काही सांगायला थोडीच आली होती? घरात कुणीतरी असावं म्हणून आली होती.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. राजवाड्यामागं राहते. धुऊन ठेवलेल्या भांड्यांसारखी तिच्या डोक्यात प्रत्येक रीत आपल्या जागी असते. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही, करमणूक नाही. टीव्हीवर तिनं चादर टाकली होती. कॉम्प्युटरवर टाकायला आली तेव्हा मी चादर तिच्या हातातून घेतली आणि घडी करून कपाटात ठेवली. तेव्हा ती काही बोलली नाही. बोलणं साठवून ठेवणं तिला जमतं.

दुसऱ्या दिवशी चारला मी खुर्चीत बसलो. तिच्या पायांच्या मानानं लावलेली पेडलं मला फार जवळ पडत होती, ती मागं सरकवली. हेडफोनचा माइक बंद केला. लाइव्ह झालो आणि काहीही न बोलता इंजिन सुरू केलं. हळूहळू माणसं येऊ लागली. कुणी काही लिहीना. आलेल्यांचा आकडा तेवढा वर चढत होता.

भेरू घाट उतारावरचा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गाडी गिअरमध्ये उतरवायची, हे तिच्या तोंडून मी रोज ऐकलं होतं. ऐकणं वेगळं. पहिल्याच वळणावर मी कठड्याला घासलो. समोरून ट्रक आला तेव्हा जवळजवळ डोळेच मिटले.

इथं माझी चूक झाली होती. हेडफोनचा माइक बंद होता, पण ती बोलायची तो माइक वेगळा. टेबलावर माझ्या पुस्तकांच्या आड उभा होता आणि चालू होता. आमच्याकडं माणूस गेलेल्या घराचं दार उघडं ठेवतात. येणारा बेल वाजवत नाही, सरळ आत येतो. आणि भेटायला येणारी माणसं बहुतेक दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास येतात.

गल्लीतल्या एक बाई आल्या होत्या. ताई त्यांना घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली.

"हे बघा. हे करून राहिला आहे हा. बायकोला जाऊन महिना नाही झाला आणि साहेब गाडी चालवून राहिलेत!"

"असू द्या हो ताई," त्या बाई म्हणाल्या. "एकटं माणूस, काय करणार."

"एकटा कुठे? मी काय भिंतीचा कॅलेंडर आहे? घरात पोथी आहे, ती वाच म्हटलं. नाही. तीही अशीच होती बघा. दिवसभर घरघर घरघर. भाजी गॅसवर आणि बाईसाहेब सनावदला! हा बिचारा चहाची वाट बघत बसायचा."

"चहा मीच करत होतो, ताई," मी म्हणालो. वळण आलं होतं, मागं बघता येत नव्हतं.

इतका वेळ रिकामं असलेलं चॅट हलू लागलं. "चहा सरच करायचे, काकू रोज सांगायच्या," नाशिकच्या बाईंनी लिहिलं. त्याखाली कुणीतरी: "भाजी लागली तर आम्हीच ओरडायचो, काकू गॅस!" आणि इंदूरच्या कुणा भियानं: "आत्याजी, घाट है. चलती गाड़ी में ड्राइवर से बात नहीं करते."

मला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा आलं आणि ते ताईनं पाहिलं.

"हसतोस? काय वाचून हसतोस?"

"ताई, माइक चालू राहिलाय. सगळ्यांनी ऐकलं."

"कोण सगळे?"

"गाडीतले."

"कोणती गाडी रे? खोटी गाडी, खोटा रस्ता. लाज नाही वाटत? वहिनीच्या फोटोपुढे दिवा मी लावायचा आणि तू इथे तमाशा मांडायचा!"

मी गाडी कडेला घेतली नाही. वर्गात वापरायचो त्याच आवाजात बोललो, आणि त्या पूर्ण प्रवासात मी सलग बोललो ते एवढंच.

"गाडी खोटी आहे, ताई. आत बसलेले खरे आहेत. त्यांना हिनं दोन मिनिटं म्हणून थांबवलंय आणि त्याला आता किती दिवस झाले ते तुला माहीत आहे. तू दिवा लावतेस, लाव. मी तुला कधी अडवलं नाही. माझा दुखवटा मी असा पाळणार आहे. तुला मला काही शिकवायचं असेल तर खंडव्यानंतर शिकव, आत्ता उतार आहे."

भेटायला आलेल्या बाई तशाच निघून गेल्या. ताई स्वयंपाकघरात गेली आणि डबे आपटल्याचे आवाज माइकवरून माझ्या पॅसेंजरांना ऐकू जात राहिले. मी हात लांबवून माइक बंद केला.

बलवाड्याला थांबलो, दार उघडलं, जरा वेळानं लावलं. तिच्यासारखं गावाचं नाव पुकारलं नाही. बडवाहला जास्त थांबलो. आकडा उतरू लागला होता. मोरटक्क्याच्या पुलावर खेळातली नर्मदा फार निळी केली आहे, तशी ती कधीच नसते. सनावदला तिचं घर रस्त्यावर नव्हतं, त्यामुळं नकाशात ते नाही. तिथला स्टँड तेवढा आहे. तिथंही आकडा कमी झाला. खंडव्याला पोचलो तेव्हा थोडेच उरले होते. इंजिन बंद केलं. एकानंही काही लिहिलं नाही. मीही नाही.

अर्ध्या तासात मुलीचा फोन.

"बाबा, तू ग्रेट आहेस! आत्याचा तो पार्ट, मी सांगते, तुफान चालेल. क्लिप कापून टाकते आजच. पण बाकीचं... बडवाहनंतर लोक धडाधड गेले रे. एक बाय नाही, एक हार्ट नाही. आईच्या स्ट्रीमला असं कधी झालं नव्हतं. तू बोलला नाहीस ना, त्यांना आवडलं नाही."

"घरी इतके लोक भेटायला आले," मी म्हणालो. "तेराव्यापर्यंत तू इथंच होतीस. जाताना ते काय म्हणाले?"

ती आठवत राहिली. "काही नाही. उठले आणि गेले."

"दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठायचं. आज ते बसायला आले होते, बसले, आपापल्या गावी उठून गेले. रोज येतो लिहिणारी माणसं ती. आज एकानंही लिहिलं नाही याचा अर्थ तुझ्या आलेखात दिसणार नाही."

 पलीकडं तिनं नाक ओढलं.

"त्या हिंदी पोरांना कुणी सांगितलं?"

"चॅटमध्ये कुणीतरी सांगितलं असेल. किंवा बाकीच्यांचं बघून."

"आणि क्लिप?"

"क्लिप नाही. पूर्ण व्हिडिओच काढून टाक. ताईचा आवाज उद्या कुणाच्या फोनवर गंमत म्हणून वाजता कामा नये."

"बाबा, चॅनलवर आजपर्यंत सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ होईल तो!"

"म्हणूनच. काढ."

तिनं काढला. अजूनही मधूनमधून ती त्याबद्दल बोलते, एखाद्या पडलेल्या विकेटबद्दल बोलावं तसं.

ताईला मी हे सांगितलं. व्हिडिओ आता कुठंही नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं केलंस. पोचली ना तुझी गाडी एकदाची? झालं आता." मुलगीही तेच म्हणत होती: गाडी पोचली, छान झालं, आता इथं थांबलं तर शोभेल. दोघींचं जन्मात एकमत झालं नव्हतं, ते या एका गोष्टीवर झालं. खरं तर मलाही वाटलं होतं की खंडव्याला पोचलो की माझं काम संपेल. पण दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या वेळेला तिच्या खोलीत शांतता करून बसायला मी तयार नाही. ती शांतता या दोघींना हवी होती. माझी शांतता मी स्टिअरिंगमागं बसून पाळीन.

"कुठे निघालास?" ताईनं दारातून विचारलं.

"खंडव्याहून गाडी परत आणायचीय."

"आणि परत आणल्यावर?"

"परत नेईन."

ताईनं आपली पिशवी भरली. संध्याकाळी रिक्षा बोलावली. "वर्ष होईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही," असं रिक्षावाल्याच्या देखत म्हणाली. तिनं ते पाळलं आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, होळकरांच्या त्या समाध्यांवरून, मंडईत जाताना ती मला एकदा दिसली; तिनंही मला पाहिलं आणि भाजीवाल्याशी भावावरून भांडत राहिली. मला ती हवी आहे. मी तिला फोन करतो, ती उचलते, औषधं घेतोस का विचारते आणि ठेवते. चारची गाडी बंद केली तर ती उद्या येईल हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी बंद करणार नाही.

बायकोच्या वेळी यायची त्यातली निम्मी माणसं आता येत नाहीत. जी येतात ती उतरायचं ठिकाण लिहितात आणि बसतात. मी कठड्याला आता क्वचितच घासतो. जोश नाही, चेहरा नाही, प्रश्न नाहीत. इंजिनाचा आवाज, पंख्याचा आवाज, होस्टेलच्या गच्चीवरून कुणीतरी कुणाला मारलेली हाक.

परवा कुणी नवा आला. गाडी नुकतीच तेजाजी नगरच्या पुढं गेली होती.

"अंकल, माइक खराब है क्या?"

जरा वेळानं: "अरे कुछ बोलो यार। इतना बोरिंग स्ट्रीम पहली बार देखा।"

मग त्यानं सल्ले द्यायला सुरुवात केली, माझ्या भल्यासाठी. फेसकॅम लगाओ. म्युझिक डालो. एनर्जी लाओ, अंकल, ऐसे कोई नहीं टिकेगा. बाकीचे त्याच्यावर तुटून पडतील असं वाटलं, पण ते गप्प राहिले. मी काय करतो ते बघत होते. मी हात लांबवून माइक चालू केला.

"माइक ठीक है," मी म्हणालो. "मैं बोलता नहीं हूँ। बाकी सवारियाँ यह जानकर बैठी हैं। आपको उतरना हो तो अगला स्टॉप सिमरोल है।"

माइक बंद केला. सिमरोलला गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबवली, दार पूर्ण उघडं ठेवलं. आकडा हलला नाही. दार लावलं आणि घाटाच्या दिशेनं गिअर टाकला.